मॅडमचा राजीनामा

बायको गेली त्याला तीन आठवडे झाले, तरी लिफ्टमिस्त्री ढिम्म होता. शेजारी म्हणत, "काका खंबीर आहेत हो." तो मान हलवायचा. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढल्यावर गाल बधिर राहतो, चावला तरी कळत नाही, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं. सकाळी दाढीला बसायचा आणि अर्ध्यावर विसरून पेपर उघडायचा. मग मुलगी सांगायची, "बाबा, डावी बाजू राहिली."

या मुलीला सगळे मॅडम म्हणत. वय चौतीस. तिच्या जन्माच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम आहे म्हणून सांगितलं होतं, आणि फार अपेक्षा ठेवू नका हेही. अपेक्षा ठेवायचं काम बायकोने अंगावर घेतलं. शाळेने नाही म्हटलं, तिने शाळेचे उंबरे झिजवले. पोहण्याच्या तलावावर इतर पालकांनी कुरकुर केली, तर ती स्वतः पाण्यात उतरून उभी राहिली. मिस्त्री त्या वर्षांत लिफ्ट दुरुस्त करत होता. संध्याकाळी बायको तावातावाने सगळं सांगायची, तो "बरं केलंस" म्हणायचा आणि ताट पुढे ओढायचा. त्या लढाईतली त्याची कामगिरी एवढीच.

मॅडम नऊ वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. इस्त्रीच्या यंत्रातून चादरी बाहेर आल्या की घडीच्या टेबलावर त्यांच्या घड्या घालायच्या. कडेला कड जुळलेली. उशीच्या अभ्र्यांची तोंडं सगळी एका बाजूला. पेशंटच्या गाउनच्या नाड्या आत दुमडलेल्या. कुणी नाडी बाहेर ठेवली, की ती घडी मोडून त्याच्या पुढ्यात ठेवायची आणि काही न बोलता बघत राहायची. मॅडम हे नाव तिला तिथेच पडलं. बसने एकटी जायची, एकटी यायची. आई गेल्यावर चार दिवस घरी राहिली आणि पाचव्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाली.

मग एका रविवारी दुपारी लाँड्रीचा मुकादम घरी आला. मॅडम आत झोपली होती. "झोपू दे तिला," मुकादम दबक्या आवाजात म्हणाला. त्याने पिशवीतून फळं काढली आणि फळांखालून एक कागद.

"काका, नवीन यंत्र आलंय. फार गरम, फार वेगाचं. साहेबांना काळजी वाटते. काकू होत्या तेव्हा गोष्ट वेगळी होती. आता तुमचंही वय झालं. पोरीला जरा विश्रांती मिळू दे."

मिस्त्रीने कागद वाचला, म्हणजे डोळे त्याच्यावरून फिरवले. "कुठे करू सही?"

मुकादमाने बोट ठेवलं. लिफ्टची चाचणी झाल्यावर वहीत करायचा तशी मिस्त्रीने सही केली. जाताना मुकादम दोनदा म्हणाला, की तिच्या भल्यासाठीच आहे. मिस्त्रीने फळं धुऊन ठेवली.

सोमवारी मॅडम बूट घालून दारात उभी राहिली तेव्हा तो म्हणाला, "थोडे दिवस घरीच थांब. साहेबांनी सांगितलंय."

"किती दिवस?"

"बघू."

तिने बूट काढले. त्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. मग टॉवेलांच्या, पडद्यांच्या, शेवटी कपाट उघडून आईच्या कपड्यांच्या. सगळे बाहेर काढले, घड्या घातल्या, ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर काढले. मिस्त्री खुर्चीतून बघत होता. हे थांबवावं असं त्याला वाटलं नाही, आणि मदत करावी असंही नाही.

पुढच्या मंगळवारी पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव होतं म्हणून तिनेच फोडलं. ती वाचते, पण सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. मिस्त्री भाजी चिरत होता. बराच वेळ गेला.

"बाबा, यात लिहिलंय मी राजीनामा दिला."

त्याने सुरी खाली ठेवली.

"मी नाही दिला." तिने पत्रामागे जोडलेला कागद उलटून बघितला. "ही माझी सही नाही. ही तुझी आहे."

"तुला आराम मिळावा म्हणून, मॅडम."

"मी दमले नव्हते," ती म्हणाली. मग पत्र व्यवस्थित चार घड्या घालून पाकिटात ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. ती जेवायला आली नाही. जेवणाची वेळ तिने कधीच चुकवली नव्हती, ताप असतानाही नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बायकोची फाइल काढली. तिच्यात चौतीस वर्षांचे कागद होते, प्रत्येकावर बायकोच्या बारीक अक्षरातल्या नोंदी: 'हा माणूस गोड बोलतो, लेखी घ्यावं.' 'इथे पुन्हा जाणे, रडू नये.' तो ती ओळ वाचून थांबला. काहीतरी वाटेल म्हणून वाट बघितली. वाटलं नाही. त्याने पान उलटलं. मागच्या कव्हरवर एका वकीलबाईंचा नंबर होता, त्यापुढे लिहिलं होतं, 'ही ऐकून घेते.'

वकीलबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलगी सज्ञान आहे. तिच्या वतीने सही करायचा हक्क तुम्हाला कुणी दिला होता? कोर्टाने वगैरे?"

"कुणीच नाही."

"मग तो राजीनामाच नाही. आता तिला फोन द्या."

"मी सांगतो ना तिला."

"काका, अशील ती आहे. तुम्ही नाही."

मिस्त्रीने दारावर टकटक केली आणि फोन आत दिला. मॅडम वीस मिनिटं बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "शुक्रवारी अकरा वाजता. तूही यायचंय. गप्प बसायचं."

शुक्रवारी हॉस्पिटलच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला मॅडम, वकीलबाई आणि टोकाला मिस्त्री. वकीलबाईंनी त्याला जिन्यातच बजावलं होतं, की ते तुमच्याकडे बघून बोलतील, तुम्ही तिच्याकडे बघायचं.

झालंही तसंच. मॅनेजर मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "काका, तिचा स्वभाव फार गोड आहे, आम्हा सगळ्यांची लाडकी आहे ती. पण सुरक्षिततेचा प्रश्न आहे."

मिस्त्रीने मुलीकडे मान वळवली. मॅनेजर क्षणभर त्याच्या कानाशी बोलत राहिले, मग त्यांनाही मान वळवावी लागली.

मॅडमला बोलायला वेळ लागतो. जीभ जड आहे, आणि ऐकणारे मध्येच तिचं वाक्य पुरं करतात. मुकादमाने तेच केलं. "म्हणजे तिला असं म्हणायचंय..."

"नाही," मॅडम म्हणाली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "यंत्र गरम आहे. मला माहितीये. म्हणून मी पिवळ्या रेषेच्या मागे उभी राहते. नऊ वर्षांत मला भाजलं नाही. यांना भाजलं. दोनदा."

मुकादमाने शर्टाची बाही हळूच खाली ओढली. वकीलबाई कागदात बघत राहिल्या.

"आणि मला विचारलं नाही," मॅडम म्हणाली. "मी घरीच होते. आत झोपले होते. उठवायचं ना."

मग मॅनेजर पुन्हा मिस्त्रीकडे वळले, या वेळी आवाज जरा कडक. "पण सही तुम्हीच केलीत ना काका? कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही. मीच केली," मिस्त्री म्हणाला. "तिला न विचारता केली. तो हक्क मला नव्हता. चूक माझी आहे."

मॅडमने त्याच्याकडे पाहिलं. "हो. तुझी आहे," ती म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांसमोर ते वाक्य पडलं. आता लाज वाटायला हवी, असं मिस्त्रीला कळत होतं. लाज आली, पण उशिरा, आणि कुठूनतरी लांबून आल्यासारखी.

पुढची बोलणी वकीलबाईंनी केली. राजीनामा रद्द झाला. पण घडीच्या टेबलावर दुसरी बाई घेतली होती आणि तिला लगेच हलवता येईना. तीन महिने मळक्या कपड्यांच्या विभागात काम कराल का, असं मॅनेजरांनी विचारलं. या खेपेला त्यांनी मॅडमलाच विचारलं आणि अहोजाहो केलं. मळके कपडे म्हणजे रक्ताच्या, औषधांच्या डागांच्या चादरी वेगळ्या करायच्या, खिसे तपासायचे. मिस्त्री तोंड उघडणार होता. वकीलबाईंनी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला.

मॅडमने विचार केला. "तिथे खिडकी आहे?"

"एक आहे," मुकादम म्हणाला.

"मग तीन महिने. मग माझं टेबल. तसं लिहा."

तसं लिहिलं. मॅडमने सही केली. एकेक अक्षर काढायला वेळ लागला. मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं, पण पेन कुणी तिच्या हातातून घेतलं नाही.

बसस्टॉपवर दोघं बाकावर बसले. मॅडम म्हणाली, "आई असती तर तुला ओरडली असती."

"हो."

"मी ओरडणार नाही. पण मी रागावलेय."

"किती दिवस?"

"माहीत नाही. झालं की सांगीन."

मिस्त्रीने "बरं" म्हटलं. बस आली. ती खिडकीशी बसली आणि त्याच्यासाठी शेजारची जागा ठेवली नाही, तिथे तिची पिशवी होती. तो मागच्या सीटवर बसला.

सोमवारी ती कामावर गेली. दहाच्या सुमारास बायकोच्या बहिणीचा फोन आला. काय चाललंय म्हणून विचारत होती.

"मॅडम कामावर गेली."

"मावशीने विचारलंय म्हणून सांगा तिला. आणि भाऊजी, तुम्ही कसे आहात?"

मिस्त्रीने खरं काय ते शोधून बघितलं. तिने जाताना ज्यातून डबा भरला ते पातेलं ओट्यावर होतं, तळाला थोडी भाजी उरलेली.

"अजून काही कळत नाहीये," तो म्हणाला. "भूक लागलीये बहुतेक."

"मग जेवा," मेहुणी म्हणाली.

त्याने फोन ठेवला आणि पातेलं जवळ घेतलं. मीठ कमी होतं. ते मात्र त्याला कळलं.