ऊन खाल्लेला खांब

मी सागाचा खांब बोलतोय. खांब कसला, आता नुसता तुकडा. पण तोंड अजून शाबूत आहे!

शेकडो वर्षांपूर्वी राखोलीत कुणीतरी मला घराला लावलं. दमणगंगेच्या पुरात घर गेलं, मी गाळात रुतलो आणि त्या ओलीतच टिकलो. चौऱ्याण्णव साली कारखान्याचा पाया खणताना वर आलो. सिल्वासाच्या संग्रहालयात माझी रवानगी झाली.

तिथल्या सुजाताताई प्रदर्शन मांडत होत्या. मला पाण्याच्या टबात ठेवून सगळ्यांना दाखवायच्या, "रुंद वलय म्हणजे भरपूर पाऊस. ही दाटीची बारीक वलयं म्हणजे दुष्काळ. हवामान पूर्वी कसं फिरलं ते लोकांना दिसलं, की आता पृथ्वी का तापतेय तेही विचारतील." अहो, काय तो मान!

सुतारकाम सुकदेव मिस्त्रीकडे होतं. धुळ्याकडचा माणूस, नरोलीत भाड्याच्या खोलीत राहायचा. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ताई फोटो आणायला वापीला गेल्या आणि हा मला बघून हळहळला.

"ओलं लाकूड कोणी मांडतं का? पाहुणे ताईंना नावं ठेवतील."

लाकूड आधी वाळवायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं मला गच्चीवर नेऊन मे महिन्याच्या उन्हात ठेवलं.

आणि मला बरं वाटलं हो! झाडाची जात माझी. इतक्या काळानं ऊन मिळालं, मी अधाशासारखं खाल्लं. अंगाला तडे जातायत हे कळत होतं, तरी हवंहवंसं वाटत होतं. जिथं दुष्काळाची वलयं होती, नेमका तोच भाग सुटून भुगा झाला.

ताई आल्या आणि मटकन खाली बसल्या. "सुकदेवभाऊ, हे पाण्यावरच टिकलं होतं हो!"

"ताई, मी तर चांगलंच करायला गेलो ना..." तो भुगा ओंजळीत गोळा करू लागला.

"मीच बजावून जायला हवं होतं," ताई म्हणाल्या. पण त्यांना रडू आवरेना, तसा तो आणखीच खचला.

उरलासुरला मी आता काचेत आहे. लोक चिमण्यांच्या धुराचे फोटो बघतात. दुष्काळ मात्र त्यांना पाटीवर वाचावा लागतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सुकदेव सुट्टीला येतो, काचेला हात लावून पुटपुटतो, "माफ कर रे बाबा." सुतारकाम त्यानं सोडलंय. नरोलीच्या कारखान्यात खोकी बांधतो. ते सोन्यासारखे हात!

तिकडे गेलात, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, ऊन मी माझ्या हौसेनं खाल्लं. रंधा उचल, मिस्त्री. माझ्या पापाची शिक्षा तू का भोगतोस?