जलदेवीचा ओटा

तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. पाण्याच्या मधोमध, यंदाच्या उन्हाळ्यात उभारलेल्या चार सिमेंटच्या खांबांवर ओटा, अन् ओट्यावर महाराज. खाली जाळं ओढलं की रोहू-कतला तडफडत वर! बाया हात जोडून रडत होत्या.

"पाताळातल्या वाटेनं देवी थेट समुद्रातून मासे धाडते! संपतील कसे? बारमाही जाळं टाका!" महाराज गरजले.

"महाराज, गोड्या पाण्यातली रोहू समुद्रात कधीपासून?" कुंदाबाईनं विचारलं. केशोरीच्या बाजारात तिनं तीस वर्षं मासे विकले होते.

"देवीच्या स्पर्शानं पापलेटाची रोहू होते, माते!"

लोकांनी जयजयकार केला. कुंदाबाई मात्र दिवस मोजत होती. ज्येष्ठ सरत आला होता. या दिवसांत मासोळी अंड्यावर असते, म्हणून मच्छीमार सोसायटीची जाळी खुंटीला असायची. यंदा तो नेम मोडला. तिनं एक रोहू चिरली. पोट अंड्यांनी गच्च. पुढच्या सालचे मासे तिच्या विळीवर पडले होते.

"भाऊजी, थांबवा हे," ती दिराला, सोसायटीच्या अध्यक्षाला, पुनारामला म्हणाली.

"वयनी, तू कायले आडवी येऊन रायली? देव देऊन रायला तं घे ना मुकाट्यानं!"

तिची पोरगी रुचिका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. घरी ती म्हणाली, "माय, समुद्रात मुद्दाम सिमेंटचे ठोकळे सोडतात. त्याले शेवाळ धरते, किडे येतात, सावली भेटते, मंग मासे तिथं गोळा होतात. ओट्याच्या खांबांचंही तेच."

"अन् बाकीचा तलाव?"

"रिता होऊन रायला."

हे लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं, असं कुंदाबाईनं ठरवलं. मायलेकींनी तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात फुटके सिमेंटचे पाइप बुडवले. ना नारळ, ना मंतर. इकडे ओट्याखालचं जाळं रोज हलकं होत गेलं. पाळीवर बगळेही दिसेनात. महाराज म्हणाले, देवी रुसली, पूजा वाढवा.

पाइप बुडवल्याच्या विसाव्या दिवशी ओट्याखाली नुसते गोगलगाईचे शंख निघाले. कुंदाबाईनं सगळ्यांना कोपऱ्यात नेलं. पुनारामनं पाइपांभोवती जाळं टाकलं. सात रोहू आल्या. मग मोकळ्या पाण्यात चार ठिकाणी टाकलं. एक मासा नाही.

"इथं कोणती देवी हाय, भाऊजी? फुटक्या पाइपाची?" कुंदाबाई ओरडली. "मासे वाढले नव्हते. साऱ्या तलावातले एका जागी आले, अन् आपण अंड्यासकट खाल्ले! ह्या सात उरल्या. सोडा त्यांले."

महाराज केव्हाच मोटरसायकलवर बसले होते. पुनारामनं एकेक रोहू पाण्यात सोडली. सात रोहूंनी तलाव भरेल की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

बाबांनो, सिमेंट मासे जमवतं, जन्माला घालत नाही. चमत्कार दिसला तर हात जोडा हवं तर, पण त्याआधी एवढं तरी विचारा: हे आलं कुठून, अन् तिथं आता काय उरलं?