खिंडीतल्या रांजणाचं फडकं

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे, बालाघाटाच्या खिंडीत अर्धा मातीत पुरलेला. आता माझ्यात पाणी नसतं. पालापाचोळा असतो आणि एक सरडा, पण तो कुठला बोलायला!

परंड्याच्या कुंभारानं मला घडवलं. वीरप्पानं बैलगाडीत कडब्यावर निजवून मला इथं आणलं. पलीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचं राज्य, मधोमध मी. दोन्हीकडचे वाटसरू माझं पाणी पिऊन "जिवात जीव आला" म्हणायचे. काय थाट होता माझा! वीरप्पाची बायको गंगम्मा रोज डोक्यावरून पाणी आणून मला भरायची आणि तोंडाला फडकं बांधायची.

पुढं इंग्रज गेले, पण आमच्याकडं निजामच राहिला. वीरप्पा त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि हद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीत गेला. घरची ओढ लागली की तो डोंगरावरून आधी मला बघायचा. पांढरं फडकं असलं की यायचं, तांबडं असलं की शिपाई खिंडीत आहेत. ही खूण त्या नवराबायकोलाच ठाऊक होती, आणि मला.

एकदा शिपाई ओढ्यात दबा धरून बसले. तापानं फणफणलेली गंगम्मा कशीबशी वर आली आणि तांबडं फडकं बांधून गेली. दुपारी तिच्याऐवजी शेजारची कडूबाई पाणी घेऊन आली.

"अगं बाई, किती मळलंय हे! दुखण्यात अक्काला कुठलं सुचतंय?" असं म्हणत तिनं आपल्या नवऱ्याच्या धोतराचं पांढरंशुभ्र फडकं मला बांधलं. मी आतल्या आत ओरडलो, पण रांजणाचं कोण ऐकतंय?

वीरप्पा हसत खाली उतरला. पाण्याचा पहिला घोटही घशाखाली गेला नाही, तोच शिपायांनी त्याला धरून नेलं.

वर्षाच्या आत निजामाचं राज्य गेलं, हद्दही गेली. तुरुंगातले बाकीचे घरी आले, वीरप्पा आला नाही. कडूबाई माझ्यापाशीच गंगम्माच्या गळ्यात पडून रडली.

"अक्का, भाऊजींचा घात केला तरी कुणी वं?"

गंगम्मानं माझ्या तोंडावरच्या त्याच पांढऱ्या फडक्याकडं पाहिलं. मग कडूबाईचे डोळे पदरानं पुसले.

"कुणी न्हाय गं. माझंच नशीब फुटकं."

मरेपर्यंत तिनं कडूबाईला काही कळू दिलं नाही. पाय चालत होते तोवर मला भरत राहिली. पुढं खालून सडक झाली आणि इकडं कुणी फिरकेनासं झालं. फार एकटं वाटतं हो!

मित्रांनो, वाट चुकून इकडं आलात तर तांब्याभर पाणी माझ्यात ओता. असा एखादा रांजण दुसरीकडं दिसला तर त्यालाही भरा. फक्त त्याच्या तोंडावरचं फडकं बदलू नका. मळकं असलं तरी राहू द्या.