पेशंटची बहीण

बिश्केकच्या त्या इस्पितळात डॉक्टरांचं दार वाजवण्याआधी मी रुमाल गळ्याशी घट्ट ओढून घेतला. छातीवरचा व्रण पार गळ्यापर्यंत येतो. आत जाऊन बेधडक सांगितलं, मी बुरुलचाची थोरली बहीण असिलकान, तिच्या तपासणीत काय निघालं ते विचारायला आलेय.

बुरुलचा मीच. पण आमच्याकडे वाईट बातमी पेशंटला कुणी सांगत नाही, घरच्यांना सांगतात. आठव्या वर्षी माझ्या हृदयातलं भोक बुजवलं, फुप्फुसाकडची अरुंद वाट रुंद केली, तेव्हाही डॉक्टर आपाशी, म्हणजे माझ्या आईशी, दार लावून बोलले. बाहेर येऊन आपा म्हणाली, झालीस ठणठणीत. दरवर्षी दाखवायला आणा, असं त्यांनी तिला बजावलं होतं. हे मला गेल्या महिन्यात कळलं, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घाबरून आपाच्या तोंडून निघून गेलं तेव्हा. पंचवीस वर्षं तोंडाला कुलूप! आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

माझी लेक सप्टेंबरात पहिलीत जाईल. तिची शाळा संपेपर्यंत मी असेन का, एवढंच मला हवं होतं. उद्या आपा निकाल ऐकायला इथे येणार होती, म्हणजे घरी पुन्हा तेच ‘ठणठणीत’.

डॉक्टर सागिनबेक यांनी माझा चेहरा पाहिलेला नव्हता. काल एमआरआयच्या बोगद्यात नुसता त्यांचा आवाज कानात येत होता, श्वास सोडा, आता रोखा. मला दहा मोजेपर्यंतही दम निभत नव्हता.

त्यांनी पडद्यावर माझं धडधडतं हृदय लावलं. झडप गळतेय, म्हणाले. रक्त मागे फिरतं, म्हणून उजवा कप्पा फुगत गेलाय, असायला हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट झालाय. मी श्वास रोखून ऐकत होते. मग त्यांची नजर पडद्यावरून माझ्या सैल झालेल्या रुमालाकडे, व्रणाच्या टोकाकडे गेली.

"काल एवढा वेळ रोखला असतात, तर मला प्रत्येक चित्र तीनतीनदा घ्यावं लागलं नसतं," ते म्हणाले. "सोडा श्वास, बुरुलचा."

मी सोडला. आता हाकलून देतील असं वाटलं.

"तुमच्या आईंचा सकाळीच फोन आला होता. लेकीला काही सांगू नका म्हणाल्या."

"बहिणीला सांगू नका असं नाही ना म्हणाल्या?"

ते हसले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले. मी माझ्या लेकीचं वय सांगितलं, काय हवंय तेही सांगितलं. यंदा झडप बदलली तर तिची शाळा काय, लग्नसुद्धा बघाल, अशी आशा धरायला जागा आहे, म्हणाले. ऑपरेशनला धोका आहे, पण थोडा. टाळलंत तर ठोके कधी बिघडतील याचा नेम नाही, आणि एखाद्या दिवशी ते पुन्हा जुळणार नाहीत.

मला भयंकर भीती वाटली. तरी मी तारीख मागितली, कागदावर सही केली आणि उठले. दारापाशी आपा डोळ्यांपुढे आली. सुजलेल्या गुडघ्यांनी उद्या ती हाच जिना चढणार होती.

मी मागे वळले.

"उद्या आपा येईल," मी म्हणाले. "तिला यातलं काही सांगू नका."