धरणीबाबाची बोलकी डिकी

"ठक्क!" आवाज झाला, डिकीतल्या ताटल्या खणखणल्या आणि लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतली तीनशे माणसं एका दमात मैदानाच्या मधोमध धावली. जी आधीच मधोमध होती ती कुठं धावावं हे न कळून जागच्या जागी उड्या मारू लागली.

धावणाऱ्यांत मुज्तबा मिस्त्रीही होता. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, पण धावला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर या भागात उशाशी तांब्यावर ताटल्यांची चळत रचून झोपायची सवयच लागली होती. ताटल्या वाजल्या की जमीन हलली, चप्पल न शोधता बाहेर पळायचं. आठ वर्षं झाली तरी पाय विसरले नव्हते. त्यात महिन्यापूर्वी गुजरातेत भुई हादरली आणि लातुरात पुन्हा सगळ्यांच्या जिवात धाकधूक सुरू झाली. अशा मोक्याला एखादा बाबा उगवला नसता तरच नवल.

हे धरणीबाबा मुंबईच्या कुणा शेठनं टाकून दिलेल्या लांबलचक, बिनक्लचच्या परदेशी गाडीतून आले होते. उघड्या डिकीत लाल कापड, त्यावर तांब्या, तांब्यावर ताटल्या. बाबा टपावर मांडी घालून बसत. स्टिअरिंगमागे त्यांचा चेला भुजंग डोळे मिटून ध्यानाला बसे. इंजिन चालूच ठेवलेलं, कारण तो म्हणे धरणीमातेचा श्वास.

"भक्तहो!" बाबा रोजच्यासारखे टपावरून गरजले. "पृथ्वीच्या पोटात सव्वा सात मण वायू अडकला आहे! मी रोज पहाटे तिची नाडी बघतो. नाडी डाव्या कुशीवर वळली आहे! माते, मंगळवारी लातूर हलणार का?"

ठक्क! खणखण!

"मंगळवार!" लोकांनी हंबरडा फोडला.

उपाय अर्थात बाबांकडेच होता. मंतरलेल्या खुंट्या घराच्या चार कोपऱ्यांत ठोकल्या की जमीन चादरीसारखी ताणून बसते. एका क्लासवाल्या सरांनी तर प्रत्येक बाकाखाली एकेक ठोकली होती आणि पोरं त्यांना अडखळून पडत होती.

हे सगळं मुज्तबानं हसून सोडून दिलं असतं. पण गर्दीत त्याला रेणापूरचा केरबा दिसला. त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि मागून त्याची, इथं खोली करून शिकणारी लेक सुकन्या डोळे पुसत येत होती.

"केरबाभाऊ, कुठं निघालाव?"

"पोरीला गावाकडं नेतोय. मंगळवारी हितं काय बी ऱ्हात न्हाई म्हणत्यात."

"अरे, पण मंगळवारी तिचा बारावीचा पहिला पेपर हाय ना?"

"पेपर पुढल्या वर्षी बी येतोय, मुज्तबाभाई. लेक येत न्हाई."

मुज्तबाला आधी राग आला आणि मग त्या रागाची लाज वाटली. केरबानं किल्लारीकडं दिलेली बहीण स्वतःच्या हातांनी ढिगाऱ्याखालून काढली होती. त्याला काय सांगायचं?

तो गुपचूप आपला चहा घ्यायला मागं फिरला. गाडीपासून दोन हातांवर, दगडावर तो कप ठेवून पळाला होता. तेवढ्यात बाबांनी पुन्हा प्रश्न टाकला. ठक्क! लोक पळाले. मुज्तबाचेही पाय उचलले होते, पण नजर कपाकडं गेली आणि तो थांबला. चहावरची साय जशीच्या तशी होती.

"जमीन हलली, ताटल्या हलल्या, आन् चहा का न्हाई हलला?" तो स्वतःशीच पुटपुटला.

मग त्यानं मिस्त्रीच्या नजरेनं गाडीकडं पाहिलं. मागची दोन्ही टायरं आतल्या कडेनं गुळगुळीत झाली होती. बाबांनी माता म्हटलं की भुजंगचा हात गिअरच्या दांडीवर सरके आणि लगेच गाडीचं बूड उचकी लागल्यासारखं दचके. मुज्तबाच्या मिशीखाली हसू फुटलं.

"सुकन्या बेटी, तुमच्या फिजिक्सात असं काही दिसलं तर काय करतात?"

सुकन्यानं नाक पुसलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, चाचा."

आणि पोरगी थेट गाडीशी गेली. "दादा, तुम्ही जरा खाली उतरा. मग मातेला विचारू."

"भुजंग ध्यानात आहे!" बाबा कडाडले.

"उतरू कसा?" ध्यानस्थ भुजंग डोळे न उघडताच म्हणाला. "ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी पुढं जाईल न् बाबा खाली पडतील!"

गर्दीत पहिल्यांदा हसू उसळलं. शेवटी गाडी नीट उभी करून भुजंगला उतरवलं. बाबांनी मातेला तीनदा विचारलं, चौथ्यांदा विनवलं. माता गप्प.

"तिला भुजंगची सवय आहे," बाबा म्हणाले.

"मग मी लावतो सवय," म्हणत मुज्तबा आत बसला. ब्रेक घट्ट दाबून त्यानं दांडीवर हात ठेवला. "माते, बाबांनी सकाळी सहावी भाकरी खाल्ली का?"

दांडी पुढून मागं. ठक्क! खणखण!

"माते, बाबांना भूकंपातलं काय कळतं का?"

या वेळी त्यानं दांडी हलवलीच नाही. ताटल्या जागच्या हलल्या नाहीत आणि भुजंगलाही हसू आवरेना.

मग गाडी जॅकवर चढली आणि बाबा टपावरून उतरले. मुज्तबानं खालून टॉमीची लोखंडी सळई घालून जोर लावला. अख्खी लोखंडी चौकट बोटभर सरकली आणि ठक्क झालं.

"बघा," तो म्हणाला. "मागची चाकं ह्या चौकटीला बांधलेली. चौकट गाडीच्या अंगाला चार रबरी बुशांवर बसती. बुश चांगले असले तर धक्का पिऊन टाकतात. हे फाटलेत. गिअर पुढं-मागं केला, इंजिनानं ओढ घेतली, की चौकट जाऊन अंगावर आदळती. ही माता न्हाई. रबर हाय, आन् ते बी कुजलेलं."

लोक वाकून वाकून बघू लागले. केरबानंही पेटी खाली ठेवून बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "मुज्तबाभाई, मंगळवारी भूकंप येणारच न्हाई, असं सांग की."

"ते मी सांगितलं तर मी बी बाबाच झालो. भूकंपाची तारीख मला कळत न्हाई. ह्यांना न्हाई, कुणालाच न्हाई. घर पक्कं बांधा, भेगा बुजवा, भिताडावरचे दगड उतरवा. आन् आवाज आला तर पाया पडायच्या आधी खाली वाकून बघा, कशाचा हाय."

केरबानं पुन्हा वाकून गाडीखालचं ते फाटकं रबर बघितलं. मग त्यानं पेटी उचलून लेकीच्या हातात दिली.

"जा खोलीवर. मंगळवारी मी शाळंच्या दारात हुबा ऱ्हातो. मला लई भ्या वाटंल. पर तू लिव्ह."