रुजू झालेली मुलगी

विजयश्री मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकली न टेकली, तोच कंपनीचा टी-शर्ट घातलेले दोघं समोर येऊन उभे राहिले. मॅडम, तुमची जागा पुढं आहे, म्हणाले. तिनं हसून नको म्हटलं. आज वडिलांचा दिवस होता, तिला मागंच बरं वाटत होतं. पण त्यांनी तिची पर्ससुद्धा उचलून घेतली, आणि कॅन्टीनच्या त्या लांबट हॉलमधून, तळणाच्या वासातून आणि वळून पाहणाऱ्या माणसांमधून तिला पुढं चालत जावं लागलं. टेबलावर निळं कापड अंथरलं होतं. मागं गादीची खुर्ची एकच होती. मॅनेजर साध्या खुर्चीवर बसले आणि गादीची त्यांनी तिच्यासाठी ओढून धरली.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला अण्णा, तिचे वडील, बसले होते. चाकणच्या या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग निघतात. तिथल्या प्रेसवर अण्णांची, म्हणजे ज्योतीरामांची, उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि आजची पहिली शिफ्ट संपवून ते निवृत्त होत होते. अंगातल्या नव्या शर्टावर घडीच्या रेघा तशाच होत्या. मुलगी पुढं येऊन बसली तरी त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

माइकवर निरंजन होता, प्रेस शॉपचा सुपरवायझर. त्यानं आधी मॅनेजरांचं स्वागत केलं, मग तिच्याकडे हात केला. शासकीय कामातून वेळ काढून आलेल्या आपल्या उपजिल्हाधिकारी मॅडम, असं तो म्हणाला. ‘निवड झालेल्या’ हा शब्द त्याच्या तोंडून राहून गेला असेल, असं तिला वाटलं. पण पुढचं वाक्य स्पष्ट होतं. रुजू झाल्यापासून मॅडम पहिल्यांदाच आपल्याकडे येत आहेत, आणि ज्योतीरामकाकांना याहून मोठा निरोप काय असणार?

टाळ्या वाजल्या. विजयश्रीनं बायकांच्या बाजूला बसलेल्या आईकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी पदर नीट असूनही पुन्हा सारखा केला आणि नजर खाली नेली. म्हणजे आईलाही ठाऊक होतं.

राज्यसेवा परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या गल्लीत तिच्या अभिनंदनाचा फलक लागला होता. धाराशिवहून आत्या, मामा, सगळं गणगोत येऊन गेलं. नियुक्तीचं पत्र कधीही येईल म्हणून तिनं एका कंपनीतल्या क्वालिटी विभागातल्या नोकरीचा राजीनामाही देऊन टाकला. मग कुणीतरी निकालाविरुद्ध न्यायालयात गेलं आणि सगळ्या नियुक्त्या अडकल्या. तारखा पडत राहिल्या. दीड वर्ष लोटलं. गल्लीतली माणसं अजून तिला साहेब म्हणत आणि रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करून द्या म्हणून येत. तिचं कुठं काही चालत नाही हे त्यांना खरं वाटत नसे. एवढ्यातच माज आला, असं एकाला जिन्यात बोलतानाही तिनं ऐकलं होतं.

कालच ती भोसरीतल्या एका लहान कारखान्यात नोकरी मागायला गेली होती. मालकानं चहा मागवला, अर्ज वाचला आणि हात जोडले. उद्या तुम्ही कलेक्टर होणार, तुम्हाला मी डिस्पॅचला कसं बसवू, म्हणाला. जाताना त्यानं तिच्यासोबत फोटो मात्र काढून घेतला. ही अशी चौथी की पाचवी जागा. लहान कामाला ती मोठी ठरत होती, आणि मोठं काम तिला कुणी देत नव्हतं.

आणि इथं ती रुजूही होऊन बसली होती. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कार्यालयात, हेही अण्णांनी ठरवून टाकलं असेल. निरंजन अण्णांच्या वक्तशीरपणाबद्दल काहीतरी सांगत होता. तिच्या कानावर शब्द पडत होते, आत जात नव्हते. समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण ती घट्ट करत राहिली, ते आधीच घट्ट असूनही. अण्णांना शाल घातली, श्रीफळ दिलं, गणपतीची मूर्ती दिली. ते वाकून सगळ्यांना नमस्कार करत होते. तिच्या दिशेला आले की मात्र त्यांची नजर बुटांवर जाई.

मग निरंजननं तिला दोन शब्द बोलायची विनंती केली.

ती उठली. खरं बोलून मोकळं व्हावं, हे पहिल्यांदा मनात आलं. माइक हातात घेईपर्यंत तिचं तसं ठरलंही होतं. सगळ्यांनी मिळून चढवलेलं हे ओझं एकदा खाली टाकायचं, मग ज्याला जे वाटायचं ते वाटो. तेवढ्यात तिला अण्णांचे हात दिसले. मांडीवर ठेवलेल्या नारळाची शेंडी ते बोटांनी विंचरल्यासारखी सारखी करत होते.

“मी इथं अधिकारी म्हणून आलेली नाही,” ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक लागला. “मी अधिकारी नाही. अण्णांची मुलगी आहे, तेवढंच.”

मग मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या पुढपर्यंत आल्या. मॅनेजर तिच्याकडे वळून, हा मोठेपणा आहे मॅडम, असं काहीतरी म्हणाले. तिनं माइक ठेवून दिला. खरं सांगूनही ते कुणाला खरं वाटलं नव्हतं. तिला हसूही येईना आणि रडूही.

जेवण झाल्यावर ती हात धुवायला मागच्या नळांकडे गेली, तेव्हा निरंजन शेजारच्या नळाशी येऊन उभा राहिला. आजूबाजूला कुणी नाही हे त्यानं आधी पाहून घेतलं.

“ताई, एक सांगू का?” मघाचं मॅडम त्यानं सोडून दिलं होतं. “माझा मेहुणा तुमच्याच यादीत आहे. नायब तहसीलदार. सध्या सांगवीला मेडिकलच्या दुकानात बसतो.”

विजयश्रीनं नळ बंद केला.

“म्हणजे तुम्हाला—”

“सगळ्या शॉपला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. काकांनी बसमध्ये पेढे वाटले, पोरगी जॉइन झाली म्हणाले. आता त्या माणसाला काय बोलणार? आम्ही पेढे खाल्ले.” त्यानं रुमालानं हात पुसले. “मॅनेजर साहेबांना तेवढं ठाऊक नाही. आणि काकांना कळू देऊ नका, आम्हाला माहीत आहे ते.”

तो गेला. ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. रोज बसमध्ये कुणीतरी मॅडम कशा आहेत विचारत असणार, अण्णा काहीबाही सांगत असणार, आणि पुढच्या मागच्या सीटवरची माणसं गंभीरपणे माना डोलवत असणार. एवढ्या लोकांनी मिळून तिची नोकरी सांभाळली होती. तिलाच तेवढी ती मिळाली नव्हती.

परतताना कंपनीची बस मोशीच्या अलीकडे गर्दीत अडकली. दुर्गाबाई पुढच्या सीटवर मूर्तीचं खोकं मांडीवर घेऊन पेंगल्या होत्या. बसमधली माणसं आज नेहमीपेक्षा हळू बोलत होती.

“तुला राग आला असंल,” ज्योतीराम म्हणाले.

“आला.”

“रोज इचारायचे. कधी जॉइन होणार, कधी जॉइन होणार. एक दिवस तोंडातून निघून गेलं. मग माघारी घेता आलं न्हाई.”

शेजारून एक लांबलचक ट्रेलर नव्याकोऱ्या गाड्या घेऊन इंचाइंचानं सरकत होता.

“कुणाला संशय आला का गं?”

विजयश्रीनं दोन सीट पुढं बसलेल्या निरंजनच्या पाठीकडे पाहिलं.

“नाही अण्णा. कुणालाच नाही.”

त्यांनी सुस्कारा सोडला, पण तो सुटकेचा वाटला नाही. बराच वेळ ते खांद्यावरच्या शालीची कड चाचपत राहिले.

“निरंजन लई भला माणूस हाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्याच्याशी खोटं बोललो, हे मनाला लागतंय. सोमवारी पहिल्या शिफ्टला गेलो की त्याला बाजूला घेतो आन् खरं काय ते सांगून टाकतो.”

विजयश्रीनं वळून पाहिलं. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी मोकळा झाला होता.

“सांगा,” ती म्हणाली.

बस सुटली. ज्योतीराम खिडकीबाहेर पाहत स्वतःशीच मान हलवत राहिले. पुढच्या चौकापर्यंत मान हलत होती. मग हळूहळू थांबली.