अकबरभाईंचा विजेचा हात

मुठेकाठी ज्या झाडाखाली अकबरभाई वळवाचा पाऊस चुकवायला उभे राहिले, नेमकी त्याच झाडावर वीज पडली. झाड गेलं, अकबरभाई वाचले. उजव्या हाताची बोटं मात्र बधिर झाली. सदाशिव पेठेत चाळीस वर्षं कोटांची काजं हातानं करणारा शिंपी. आता सुई बोटात आहे की खाली पडली, हे त्यांना बघूनच कळायचं.

डॉक्टर म्हणाले, नस मुंगीच्या पावलानं भरून येते, धीर धरा. तेव्हापासून त्यांची बायको मेहरुन रोज मोहरीत बटणं मिसळून वाटी पुढ्यात ठेवी आणि अकबरभाई डोळे मिटून बटणं वेचत बसत. काज पुन्हा जमलं नाही तर आपण शिंपी कसले, एवढाच घोर त्यांच्या जिवाला होता.

पेठेला तो घोर नव्हता. वीज पचवलेला हात गुडघ्यावर ठेवला की दुखणं पळतं, असं कोणीतरी उठवलं. आधी आल्या पद्मजाबाई, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. असल्या थोतांडावर आपला काडीचा विश्वास नाही, हे त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि मग बसून गुडघा पुढे केला. जुन्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी दहा गुडघे आले. कापड कोणीच आणेना.

अकबरभाईंनी पाटी लावली: ‘येथे कपडे शिवून मिळतात. हात लावून मिळणार नाही.’ लोकांनी पाटीच्या मराठीचं कौतुक केलं आणि रांग धरली.

चौथ्या महिन्यात एका दुपारी ते चिंधीवर काज करून बघत होते. पद्मजाबाई गुडघा घेऊन समोर होत्याच. सुई उजव्या तर्जनीत घुसली. अकबरभाई दचकले. त्यांनी मुद्दाम पुन्हा टोचून पाहिलं.

“मेहरुन,” ते हळूच म्हणाले, “दुखतंय.”

मेहरुननं पदर डोळ्यांना लावला. पद्मजाबाईंचा चेहरा पडला.

“म्हणजे हात बरा होतोय?”

“होय बाई.”

“महिनाभर हा बटणं वेचायचा व्यायाम थांबवता येईल का? बहीण साताऱ्याहून येतेय. तिचे दोन्ही गुडघे गेलेत.”

“येऊ द्या की. येताना कापड आणायला सांगा.”

बाईंनी चष्मा सावरून चिंधी हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

“टाका वाकडा आलाय.”

वाकडाच होता. अकबरभाईंनी तो उसवला आणि पुन्हा सुई घातली.